माशीची साक्ष

माशी दिसली की आपल्या आयाबहिणी ताटावर पदर धरतात. घाणीवरून उठून अन्नावर बसणाऱ्या जीवाचा राग येणारच. पण हीच माशी खुनाच्या तपासात साक्षीदार ठरू शकते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

आम्ही पडलो कारकून. ऑफिसात आलेला कागद आवक नोंदवहीत तारखेसह चढवायचा, हे आमचे काम. तारखेशिवाय कागदाला किंमत नाही. उघड्यावर पडलेल्या प्रेतावर ही आवक तारीख माशी टाकते. हिरव्या-निळ्या चमकदार अंगाच्या माश्या दिवसाउजेडी वासावर लगेच येतात आणि नाक, तोंड, जखम अशा जागी अंडी घालतात. उन्हाळ्यात साधारण दिवसभरात अळ्या निघतात. त्या दोनदा कात टाकतात, पोसल्या की प्रेत सोडून मातीत शिरतात आणि कोष करतात. उबदार हवेत दहाएक दिवसांत त्यातून नवी माशी उडते. अळीचे वय कळले, की मरण निदान किती दिवसांपूर्वीचे, हे सांगता येते.

मात्र माशीची जात कोणती आणि हवा किती गरम, यावर हा हिशेब बदलतो. पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठातील संशोधकांनी मेलेल्या सशांवर कोणते कीटक कोणत्या क्रमाने येतात ते पाहून २००३ साली प्रसिद्ध केले. पण पंजाबचा तक्ता भंडाऱ्याला जसाच्या तसा लावता येणार नाही. आपले कोका अभयारण्य २०१३ साली झाले. साग, ऐन, तेंदू, मोह यांचे हे पानझडीचे कोरडे जंगल. उन्हाळ्यात सावली उरत नाही, पावसाळ्यात सारे ओलेचिंब. म्हणून अशा जंगलात ऋतूवार पाहणी हवी. मांसाचे आमिष ठेवायचे, माश्या जाळीत धरायच्या, काही अळ्या गरम पाण्यात मारून अल्कोहोलमध्ये ठेवायच्या, काही जिवंत वाढवून जात ओळखायची आणि रोजचे तापमान लिहायचे.

हे काम आपल्या उपयोगाचे कसे? मोहफुले आणि तेंदूपत्त्यासाठी जंगलात जातो तो गरीब माणूसच. एका उन्हाळ्यात पत्ता तोडणाऱ्या बायांना रानात एका मजुराचे प्रेत दिसले. आम्ही पंच होतो. पुढे तपासणीच्या वेळी अळ्या पाण्याने धुऊन टाकल्या गेल्या. कागदावर राहिले एवढेच : 'अंदाजे चार-पाच दिवस.' तो शेवटी कोणाबरोबर होता हे त्याची बायको विचारीत राहिली. पण कोणत्या दिवसाचा जाब कोणाला विचारणार?

खैरलांजी तर आपण विसरूच शकत नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. प्रेते कालव्यात टाकली गेली. पुढे पुरलेली प्रेते उकरून दुसऱ्यांदा शवविच्छेदन करावे लागले. तिथे प्रश्न माशीचा नव्हता. पण पहिल्या तपासणीत निसटलेला पुरावा पुन्हा हाती लागणे किती कठीण, हे आपल्या जिल्ह्याने तेव्हा पाहिले.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा, अशी तरतूद तिच्या १७६ व्या कलमात आहे. ती राज्यांनी पाच वर्षांच्या आत अमलात आणायची आहे. संशयास्पद मृत्यूचा पंचनामा दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमोर करावा, असे १९४ वे कलम सांगते.

हे रहिवासी म्हणजे आपणच. पंच म्हणून बोलावणे आले तर कोऱ्या कागदावर सही करू नका. प्रेत उन्हात होते की सावलीत, अळ्या होत्या का, आसपासच्या मातीत कोष होते का, हे लिहून घ्यायला लावा. अळ्या जपून प्रयोगशाळेकडे पाठवा, असे नम्रपणे पण ठाम सांगा. आणि आपली जी मुले प्राणिशास्त्र शिकत आहेत, त्यांना या विषयाकडे वळवा. किळस वाटेल, पण ज्या मेलेल्या माणसाच्या बाजूने बोलायला कोणी नाही, त्याचे काम त्यातून होईल.