मैकलच्या कुशीतील दोन गावे

जबलपूरहून दिंडोरीमार्गे अमरकंटकाला निघालेल्या मराठी यात्रेकरूंचे चित्त बहुधा नर्मदामैयाच्या उगमाकडे लागलेले असते. वाटेवर मैकल डोंगरांच्या कुशीत करंजिया नावाचे गाव लागते. तेथे कोणी सहसा उतरत नाही. आम्ही मात्र मुद्दाम उतरलो. एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाची जन्मजात श्रद्धा याच मुलखात ढासळली आणि येथेच ती निराळ्या रूपाने पुन्हा उभी राहिली, हे वाचून आम्हांस ठाऊक होते.

व्हेरियर एल्विन यांचा जन्म १९०२ चा, इंग्लंडमधील डोव्हरचा. वडील सिएरा लिओनचे बिशप. घरचे वळण कडक ख्रिस्ती. वडील १९०९ साली वारले तरी ते वळण आईने जपले. ऑक्सफर्डला इंग्रजी साहित्य व धर्मशास्त्र या दोन्ही विषयांत प्रथम वर्ग मिळवून हा तरुण धर्मोपदेशक झाला आणि १९२७ साली ख्रिस्त सेवा संघात दाखल होऊन पुण्यास आला. तेथे दोन गोष्टी घडल्या. गांधीजींचा सहवास लाभला आणि शामराव हिवाळे हे मराठी ख्रिस्ती मित्र भेटले. १९३२ च्या आरंभी हे दोघे करंजियास येऊन गोंडांच्या शेजारी राहू लागले. असिसीचे संत फ्रान्सिस हा त्यांचा आदर्श, दारिद्र्य हे व्रत.

येथेच धर्मसत्तेशी खटका उडाला. नागपूरच्या बिशपांना एल्विन यांच्याकडून राजनिष्ठेची शपथ हवी होती. ती त्यांनी दिली नाही, म्हणून धर्मकार्याचा परवाना मिळाला नाही. परंतु खरा प्रश्न शपथेहून खोल होता. सत्य एकाच धर्माच्या हाती आहे हे त्यांच्या मनाला पटेना, आणि गोंडांना ख्रिस्ती करणे हे आपले काम आहे असेही वाटेना. १९३५ साली त्यांनी चर्चचा निरोप घेतला. ज्याच्या बालपणीची प्रत्येक संध्याकाळ प्रार्थनेने भरलेली होती, त्याला हा निरोप सोपा गेला नसेल.

एक धर्मपीठ सोडून दुसऱ्याचा आसरा घेण्याचा मोह अशा वेळी होतो. एल्विन यांनी तोही आवरला. जन्मापासून मृत्यूपर्यंत ज्यांच्या प्रत्येक विधीला मोहाची दारू लागते, त्यांच्यावर दारूबंदी व खादी लादणे त्यांना मान्य नव्हते. त्यामुळे गांधीमार्गापासूनही ते दूर झाले. व्रत मात्र सुटले नाही. दवाखाना, शाळा, कुष्ठरोग्यांची सेवा चालूच राहिली. लोक त्यांना ‘बडा भाई’ व शामरावांना ‘छोटा भाई’ म्हणू लागले.

पुढे हे बिऱ्हाड जवळच्या पाटणगढास गेले. हे परधानांचे गाव. बाना हे तंतुवाद्य वाजवीत बडा देवाची गाणी गाणारी ही मंडळी. जो शिकवावयास आला होता, तो ऐकावयास बसला. शामरावांनी परधानांवर लिहिलेला ग्रंथ १९४६ साली निघाला. आजही पाटणगढच्या भिंती चित्रांनी रंगलेल्या दिसतात. जनगढ सिंह श्याम हा थोर चित्रकार याच गावचा.

एल्विन यांना संत ठरवण्याचे कारण नाही. त्यांचा पहिला विवाह, एका गोंड मुलीशी झालेला, टिकला नाही. आदिवासींना निराळे राखू पाहणाऱ्या त्यांच्या भूमिकेवर आपल्या डॉ. गो. स. घुर्ये यांनी कठोर टीका केली, आणि तीत तथ्य होते. १९५४ पासून ते ईशान्य सीमाप्रदेशात सरकारचे सल्लागार होते; तेथे बौद्ध विचाराने त्यांना ओढून घेतले. १९६४ साली ते निवर्तले. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रास साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले.

आपण परप्रांती मराठी माणसे कुलदैवत, कुळाचार आणि सणवार मोठ्या निष्ठेने सांभाळून आलो. घरातले लेक-नातू आता त्यावर प्रश्न विचारतात, तेव्हा आपला जीव कातरतो. अशा घरांनी हे दोन गाव एकदा पाहावेत. विश्वासाचे शब्द गळून पडल्यावरही येथे शेजाऱ्याच्या जखमा धुणारे हात थांबले नव्हते. मुलाने देवघरापुढे हात जोडले नाहीत, तर ते हात दुसरीकडे कोणाच्या उपयोगी पडत आहेत का, एवढे आपण आधी पाहावे.