दीड इंच

जपानी मिनी ट्रक घेतला हे कळल्यावर नॉर्थ कॅरोलायनातल्या ओळखीच्यांनी किंमत विचारली नाही, ॲव्हरेज तर नाहीच नाही. पहिला प्रश्न एकच: "किती इंच उचलणार?" इथे पिकअप म्हणजे उंच असायचाच, आणि नसला तर मालकाने तो उंच करून घ्यायचा. तीन इंच, चार इंच, वर जाडजूड नक्षीचे टायर. मी दीड इंच म्हटलं की समोरच्याचा उत्साह मावळायचा.

गाडी १९९५ सालची सुझुकी कॅरी, चारही चाकं ओढणारी. जपानच्या 'केई' या छोट्या गाड्यांच्या वर्गात १९९० पासून ६६० सीसी, ३.३ मीटर लांबी आणि १.४ मीटर रुंदी अशी मर्यादा होती. ही त्यात बेताने बसवलेली. इंजिन ६५७ सीसी, तीन सिलिंडर. पंचवीस वर्षं झालेल्या गाडीला अमेरिकेचे सुरक्षेचे नियम लागू होत नाहीत, म्हणून ती इथे येऊ शकली. मात्र तिच्यावर पंचवीस टक्के आयातशुल्क पडतंच. ते मूळचं १९६४ चं. युरोपने अमेरिकेच्या कोंबड्यांवर कर वाढवला, त्याचा राग अमेरिकेने ट्रकांवर काढला. तो वाद केव्हाच विरला, पण कर काही हलला नाही. सरकारं सगळीकडची सारखीच.

मला मात्र ही गाडी परकी वाटली नाही. सीट उचलली आणि खाली इंजिन दिसलं, तेव्हा सांगलीतल्या मामांची मारुती व्हॅन आठवली. तिचं ७९६ सीसीचं इंजिन याच घराण्यातलं. स्टिअरिंगही उजवीकडे. पुढे स्ट्रट आणि मागे पाटे हीसुद्धा तीच मांडणी. फक्त व्हॅनमध्ये आम्ही नऊ-दहा जण कोंबलेले असायचो, म्हणून ती कधी उडाली नाही. इथे मी एकटा आणि मागचा हौदा रिकामा.

रिकामी गाडी आमच्या खडीच्या रस्त्यावर नुसती नाचायची. याचं कारण साधं आहे. गाडीचं वजन सातशे किलोच्या आसपास आणि मागे माल घ्यायचा ३५० किलो. म्हणजे पाटे त्या मालाच्या हिशोबाने कडक ठेवावे लागतात. माल नसला की कडक पाट्यावर हलका हौदा, मग प्रत्येक खळग्याला तो टणकन वर. त्यात चालकाची बैठक थेट पुढच्या चाकांवर. पुढचा दणका कंबरेत बसतो, मागचा दातांत.

मिरजेला मामांच्या ओळखीचे एक चाचा आहेत. ट्रकचे पाटे बसवण्यात त्यांची हयात गेली. त्यांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन गाडीखाली धरला. "अरे बाळा, गाडी रिकामी फिरवतोस आणि पाट्याला नावं ठेवतोस होय?" ते म्हणाले. मग फोन जवळ न्यायला लावला. "गंज बघ. पाटा पाट्यावर सरकायलाच तयार नाही. आधी सोडव, धू, मग उंचीचं बोल."

बरोबर होतं. पाट्यांची कमान वाकते तेव्हा प्रत्येक पाटा शेजारच्यावरून थोडा सरकतो. गंजाने ते चिकटले की लहानसहान दणक्याला कमान वाकतच नाही, सगळा जथा एकच जाड पट्टी होऊन बसतो. माझी गाडी बर्फाळ भागातली असावी. तिथे रस्त्यावर टाकलेलं मीठ खालून गाडी खातं. चाचांचा दुसरा सल्ला एक पाटा काढून टाकण्याचा होता. तो मी मानला नाही. वर्षातून काही वेळा याच हौद्यात ओकची लाकडं भरून आणतो आणि गणपतीत मंडळाचे ढोल. मालाची ताकद घालवून मिळालेला मऊपणा मला नको होता.

काम सुरू केलं आणि सगळा वेळ एका बोल्टने खाल्ला. शॅकलचा, म्हणजे कमानीचं मागचं टोक चासीला टांगणाऱ्या पट्ट्यांचा बोल्ट. नट मुकाट्याने निघाला, पण बोल्ट रबरी बुशच्या आतल्या लोखंडी नळीला धरून बसलेला. फिरवला की सोबत नळी फिरते, नळीसोबत रबर पिळतं, आणि सोडलं की सगळं जागच्या जागी. तेल सोडून रात्रभर ठेवलं, हातोडा झाला, गॅसची ज्योत झाली. जळक्या रबराचा वास घरात गेला तशी बायको दार उघडून म्हणाली, "अहो, गाडी उचलताय की पेटवताय?" शेवटी करवतीचं पातं शॅकल आणि कमानीच्या फटीत घालून बोल्ट दोन्हीकडून कापला. आतली नळी हातात आली तेव्हा बोल्ट कुठे संपतो आणि नळी कुठे सुरू होते ते दिसत नव्हतं.

कमान खोलताना सेंटर बोल्ट सोडण्याआधी दोन्ही बाजूंना शिकंजे लावायचे, नाहीतर दाबलेले पाटे उसळून हात फोडतात. पाटे तारेच्या ब्रशने घासले, रंगवले, मध्ये ग्रॅफाइटचं ग्रीस भरून पुन्हा बांधले. अर्धा कडकपणा तिथेच गेला. बाकीचा काही टायरमधली हवा रिकाम्या गाडीला बेताची केल्यावर कमी झाला.

मग उंची कशाला, तर घराच्या वाटेवर एक चर आहे आणि भरलेली गाडी तिथे बुडाशी घासायची. दीड इंच पुरत होता. पुढे स्ट्रटच्या डोक्यावर तेवढ्या जाडीची चकती बसवली. मागे मात्र दीड इंचासाठी शॅकल तीन इंच लांब लागतो, कारण ॲक्सल कमानीच्या मध्यावर आहे. एक टोक जितकं खाली जातं त्याच्या निम्मंच मध्यावर मिळतं. हे हिशोबात न धरता लोक शॅकल मागवतात आणि उंची कुठे गेली म्हणून शोधत बसतात. शिवाय लांब शॅकलने डिफरन्शियलचं तोंड थोडं वर होतं आणि हौदा आडवा डुलायला लागतो. चार इंचाचा मोह तिथेच संपायला हवा.

पुढचा अडसर त्याहून नाजूक. इंजिनाकडून पुढच्या चाकांना फिरवणारे जे दोन दांडे आहेत, गाडी उचलली की ते तिरपे होतात. सांध्यांवरचे रबरी बूट ताणतात, फाटतात, आत वाळू जाते आणि सांधा कटकट करायला लागतो. डिफरन्शियलसुद्धा खाली घेतलं तर उपाय आहे, पण मग जमिनीपासूनचं अंतर वाढवण्यासाठी सुरू केलेलं काम जमिनीकडेच परत निघालं. ब्रेकची नळी पुरते का हे चाक लोंबतं ठेवून आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून पाहिलं. भार ओळखून मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह ज्या मालवाहू गाड्यांत असतो, तिथे तोही पुन्हा जुळवावा लागतो; उचललेली गाडी त्याला रिकामीच वाटते.

पुढचा भाग तेवढा वर आणि मागचा खाली, अशी गाडी उचलण्याची इथल्या पोरांची एक फॅशन होती. समोरचा रस्ता चालकाला दिसत नाही आणि दिवे समोरच्याच्या डोळ्यांत. २०२१ च्या डिसेंबरपासून नॉर्थ कॅरोलायनाने पुढचा मडगार्ड मागच्यापेक्षा चार इंच किंवा जास्त उंच ठेवायला कायद्याने बंदी केली. छान केलं. माझ्या दीड इंचालाही दिव्यांचा कल उतरवावा लागला, मग त्यांचं काय होत असेल.

बुशचे बोल्ट मी गाडी चाकांवर उतरवल्यावरच शेवटचे आवळले. चाकं लोंबत असताना आवळले तर गाडी खाली येताच रबर पिळलेलंच राहतं आणि थोड्याच दिवसांत चिरतं. अलाइनमेंटवाल्या पोराच्या संगणकात ही गाडीच नव्हती. मी जपानी पुस्तिकेतले आकडे लिहून नेले होते, ते त्याने हाताने भरले. टो, म्हणजे पुढच्या चाकांचा आत-बाहेरचा कल, बराच सरकला होता, तो नीट झाला. गाडी बाहेर काढायला तो सवयीने डाव्या दाराने आत शिरला आणि हसत उतरला.

गाडी रिकामी असताना अजूनही उडते, पण खडीवर आता हातातला चहा सांडत नाही. चर लाकडांसकट पार होतो. हे पाहून पलीकडच्या शेतातला गृहस्थ आपली सुबारू सांबर घेऊन आला आणि म्हणाला, हिला चार इंच उचलून दे. मी खाली वाकून पाहिलं. तिला मागे पाटेच नाहीत, चारही चाकं स्वतंत्र, आणि इंजिन मागच्या चाकांच्याही मागे. आधी चारही बाजूंचे रबरी बूट दाखव, म्हटलं, मग इंचांचं बघू.