फोडावरची कातडी ओढू नकोस

मिरज,
८ जून

चि. सोनू हिस,


तुझ्या आईने पाठवलेले तुझ्या पायांचे फोटो पाहिले. फोनवर सांगितलेलं अर्धं डोक्यातून निघून जातं, म्हणून हे सगळं लिहून पाठवते आहे. पत्र बॅगेत ठेव आणि लागेल तेव्हा काढून वाच.

उजव्या टाचेवर रुपयाएवढा टरारलेला फोड आहे. डाव्या चवड्यावरचा फुटलाय आणि कातडी लोंबते आहे. पोलीस भरतीच्या अकॅडमीतल्या मुलींनी सांगितलं म्हणे, की ती कातडी ओढून काढ, वर हळद भर आणि उद्या पहाटे पळायला ये. यातलं काहीही करू नकोस. माझी सगळी नोकरी ड्रेसिंगच्या टेबलाशी गेली आहे, म्हणून ठामपणे सांगते. फोड ही जखम आहे. नीट बघितलं तर साधा फोड आठवड्याभरात बरा होतो. ओढून, चोळून, माती लागू देऊन त्याचा घाव केलास, तर ऐन ग्राउंडच्या, म्हणजे मैदानी चाचणीच्या दिवसांत तू घरी बसशील. ग्राउंडच्या ५० गुणांतले २० गुण एकट्या आठशे मीटरला आहेत आणि शंभर मीटरला १५. म्हणजे ५० पैकी ३५ गुण तुझ्या तळव्यांवर उभे आहेत. त्यांची काळजी घेणं हा सरावाचाच भाग आहे.

फोड नुसत्या वरवरच्या घासण्याने येत नाही. पाय टेकतो तेव्हा मोजा आणि बूट कातडीला एका बाजूला धरून ठेवतात आणि आतलं हाड मात्र पुढे सरकतं. मधली कातडी ताणली जाते. हे हजारो पावलं चाललं की कातडीच्या आतले थर एकमेकांपासून सुटतात आणि त्या फटीत पाणी भरतं. तळवा आणि टाच इथली वरची कातडी जाड आणि चिवट असते, त्यामुळे ती फाटत नाही, फुगते. ओली कातडी मोज्याला जास्त धरते, म्हणून घामाने किंवा पावसाने भिजलेल्या पायाला फोड लवकर येतात.

आतलं पाणी घाण नसतं. रक्तातून झिरपलेला तो द्रव असतो. त्याच्याखाली एका दिवसाच्या आत नव्या पेशी तयार व्हायला लागतात, दोन दिवसांत त्यांचा थर दिसू लागतो आणि पाचेक दिवसांत वरचं चिवट आवरण पुन्हा धरतं. हे सगळं ज्या झाकणाखाली चालतं, ती फोडावरची कातडी म्हणजे शरीराने स्वतःच बांधलेली पट्टी आहे. तिच्याइतकी चांगली पट्टी कुठल्याच मेडिकलमध्ये मिळत नाही. ती ओढलीस की आतला लालबुंद भाग उघडा पडतो, आग होते आणि जंतूंना वाट मिळते.

आता उजव्या टाचेचं. फोड लहान असता आणि दुखत नसता, तर हात न लावता नुसता झाकून ठेव म्हटलं असतं. पण तुझा मोठा आहे, ताणलेला आहे आणि बरोबर बुटाच्या कडेखाली आहे. तो आपणहून फुटणारच. मग आपण नीट फोडलेला बरा. आधी हात साबणाने धू, पायही धू. फोडावर आणि भोवती बीटाडिन लाव आणि वाळू दे. मेडिकलमधून सीलबंद पाकिटातली इंजेक्शनची सुई आण. शिवणाची सुई किंवा सेफ्टी पिन नको. फोडाच्या कडेला, खालच्या बाजूने, दोन-तीन ठिकाणी टोचायचं, मधोमध नाही. स्वच्छ गॉजने हलकं दाबून पाणी बाहेर काढायचं आणि कातडी जागच्या जागी चपटी बसू द्यायची. वर व्हॅसलीनचा पातळ थर, त्यावर न चिकटणारी जाळीची पट्टी किंवा गॉज, आणि कडेने टेप. वापरलेली सुई डब्यात टाक आणि डबा दवाखान्यात दे, उघड्या कचऱ्यात नको.

काही तासांत फोड पुन्हा भरेल. घाबरू नकोस, नव्या सुईने पुन्हा तसंच कर. अमेरिकेत १९६८ साली त्वचारोगाच्या डॉक्टरांनी मुद्दाम घर्षणाने फोड आणून याचा प्रयोग केला होता. पहिल्या चोवीस तासांत तीनदा पाणी काढलं आणि वरची कातडी तशीच ठेवली, तर ती खालच्या भागाला सर्वांत चांगली चिकटली. मी तुला सांगते आहे ती रीत यातूनच आलेली आहे. सुईत दोरा ओवून तो फोडातच ठेवायला कुणी सांगेल. तो ठेवू नकोस, त्या दोऱ्यावरून जंतू आत जातात. आणि फोडात रक्त दिसलं तर सुई लावायचीच नाही. झाकून ठेव आणि त्यावर भार देऊ नकोस.

डाव्या चवड्याचा फोड आधीच फुटला आहे, त्यामुळे त्याच्याकडे जखम म्हणूनच बघायचं. वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साध्या साबणाने धू. कातडीची स्वच्छ घडी असेल तेवढी अलगद परत पसरव. माती भरलेला, मेलेला, लोंबणारा तुकडा असेल तर तेवढाच स्वच्छ कात्रीने काप. वर व्हॅसलीन आणि पट्टी. रोज बदल, आणि भिजली की लगेच बदल. दाब कमी करायला फोमच्या तुकड्याला फोडाएवढं भोक पाड आणि तो असा चिकटव, की फोड भोकात राहील आणि भार कडेवर जाईल.

हळद, टूथपेस्ट, चुना, कुंकू यातलं काहीही उघड्या जखमेत भरायचं नाही. बिब्बा तर चुकूनही नको. भेगांना बिब्ब्याचा चटका देणारी माणसं आपल्या गावात अजून आहेत, पण बिब्ब्याच्या तेलानेच कातडीवर फोड उठतात. आणखी एक लक्षात ठेव. मेडिकलमध्ये कॉर्न कॅप नावाची गोल पट्टी मिळते. ती कुरुपासाठी असते, तिच्यात कातडी विरघळवणारं सॅलिसिलिक ॲसिड असतं. आकार बघून ती फोडाची पट्टी वाटते आणि मुली लावतात. फोडावर ती लावली तर जखम वाढते.

आता घाबरण्यासारखं काय, ते नीट वाच. फोडातून पांढरट किंवा पिवळा पू आला, भोवतीची लाली रोज पसरत चालली, पाय गरम लागला, वर चढणारी लाल रेघ दिसली, जांघेत अवधाण आलं किंवा थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. सराव, क्लास, परीक्षा, सगळं त्यानंतर. १९२४ च्या जूनमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष कॅल्विन कूलिज यांचा सोळा वर्षांचा मुलगा मोजे न घालता टेनिस खेळला. पायाच्या बोटाला फोड आला, त्यातून जंतू रक्तात गेले आणि ७ जुलैला तो वारला. देशातले उत्तम डॉक्टर उशाशी होते, पण पेनिसिलिनचा शोध लागायला अजून चार वर्षं होती. आज औषधं आहेत. ती वेळेवर घ्यायची असतात, एवढंच आपल्या हातात आहे. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंस तेही आईला विचार. पाच-दहा वर्षांत झालं नसेल तर सरकारी दवाखान्यात जाऊन घे.

पाऊस तोंडावर आला आहे, म्हणून लेप्टो नावाच्या तापाचंही सांगते. उंदरांच्या मुतातले जंतू साचलेल्या पाण्यात असतात आणि पायाच्या जखमेतून अंगात शिरतात. २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोने माणसं गेली होती. उघडा फोड घेऊन डबक्यातून, शेताच्या चिखलातून जायचं नाही. जावंच लागलं आणि नंतरच्या काही दिवसांत ताप आला, तर पाय पाण्यात गेले होते हे डॉक्टरांना आपणहून सांग. आणि या पत्रातलं काहीही तुझ्या बाबांच्या पायावर करायचं नाही. त्यांना शुगर आहे. शुगरच्या माणसाला तळव्याची दुखापत कळत नाही आणि साध्या फोडाचा व्रण होतो. त्यांच्या पायाला फोड दिसला की सुई न लावता थेट दवाखाना.

फोड बरा झाला तरी ज्याने तो आणला ते तसंच राहिलं, तर पुढच्या आठवड्यात पुन्हा तिथेच येईल. तुझे बूट दादाचे आहेत, एक नंबर मोठे, हे मला माहीत आहे. सैल बुटात टाच वरखाली होते, घट्ट बुटात बोटं चेपतात. दोन्हींचा शेवट फोडातच होतो. बूट संध्याकाळी घ्यायला जा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. पळायचे मोजे घालून बघ. उभं राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी आणि टाच हलता कामा नये. सर्वांत वरचं भोक बहुतेक जण रिकामं सोडतात. त्यातून नाडी ओवली तर टाच धरून राहते. पैसे मी पाठवते, त्याचा विचार करू नकोस. नवे बूट आले की पहिल्याच दिवशी पूर्ण सराव नको, थोडं थोडं वाढव. कातडीलाही सवय व्हावी लागते. हळूहळू भार वाढवला तर ती जाड होते, एकदम वाढवला तर सोलते.

मोजे सुती नकोत. सुती मोजा घाम पितो आणि ओलाच राहतो. १९९० मध्ये लांब पल्ल्याच्या धावपटूंवर झालेल्या अभ्यासात सुतीपेक्षा ॲक्रिलिकचे मोजे घालणाऱ्यांना फोड कमी आले आणि आले ते लहान होते. खेळाच्या दुकानात पॉलिएस्टर किंवा नायलॉनचे, अंगाबरोबर बसणारे मोजे मिळतात. दोन-तीन जोड ठेव. पावसात भिजलेला जोड बदलून कोरडा घालणं हे कुठल्याही मलमापेक्षा जास्त कामाचं आहे.

आणि मायक्रोपोर टेप घे. आम्ही सलाइनच्या सुईवर लावतो, तोच कागदी टेप. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वाळवंटातल्या २५० किलोमीटरच्या टप्प्याटप्प्याच्या शर्यतीतल्या १२८ धावपटूंच्या पायाच्या काही भागांवर हा टेप आधीच लावला होता. न लावलेल्या भागांपेक्षा तिथे फोड सुमारे ४० टक्क्यांनी कमी आले. पाय पूर्ण कोरडा करून, जिथे नेहमी फोड येतो तिथे एकच थर, सुरकुती न पडू देता लावायचा. पळताना एखाद्या जागी चुरचुरायला, गरम लागायला लागलं, की तिथेच थांबून टेप लाव. फोड येण्याआधीची ती खूण असते. तिथे थांबायला दोन मिनिटं जातात, न थांबल्यास पाच दिवस.

मुली तळपायाला घाम रोखणारी औषधंही लावतात असं ऐकते. अमेरिकेच्या लष्करी अकादमीत १९९८ मध्ये ते करून बघितलं होतं. २१ किलोमीटर चालल्यावर औषध न लावलेल्यांपैकी ४८ टक्के जणांना फोड आले, लावलेल्यांपैकी २१ टक्क्यांना. पण औषध लावणाऱ्या निम्म्याहून जास्त जणांच्या कातडीला त्रास झाला. तुझ्या सोललेल्या पायाला ते अजिबात नको.

आता तुला न आवडणारं सांगते. चार-पाच दिवस पळायचं नाही. अकॅडमीतले सर रागावले तर हे पत्र दाखव. दुखऱ्या टाचेने पळताना पाऊल वाकडं पडतं आणि मग गुडघा धरतो. फोड आठवड्यात जातो, गुडघा महिने घेतो. या दिवसांत गोळ्याला वेळ दे. तिथे १५ गुण आहेत आणि तुझा चार किलोचा गोळा अजून हवा तेवढा जात नाही, असं तूच म्हणत होतीस. जागेवर उभं राहून फेक, दंडाचा आणि पोटाचा व्यायाम कर. लेखीचे १०० गुण आहेत, गणित आणि चालू घडामोडी मागे पडल्यात त्या उचल. पट्टी काढल्यावर कातडी कोरडी दिसली आणि बोटाने दाबून दुखलं नाही, की आधी चाल, मग हळू पळ आणि मगच घड्याळ लाव.

२०२४ ची मैदानी चाचणी जूनमध्ये, पावसाच्या तोंडावरच सुरू झाली होती. पुढची कधी लागेल ते आपल्या हातात नाही, त्यामुळे ओल्या मैदानाची तयारी धरूनच चाल. टेप, गॉज, व्हॅसलीन, बीटाडिनची छोटी बाटली आणि कोरडे मोजे एवढं पिशवीत कायम असू दे. ग्राउंडच्या दिवशी नवं काहीही घालू नकोस, ज्या बुटा-मोज्यांत सराव झाला तेच घाल.

तुझ्याबरोबर पहाटे पळणाऱ्या मुलींनाही हे वाचून दाखव. त्यातल्या बऱ्याच जणी उधारीच्या बुटांत पळतात आणि दुखणं सांगायची लाज बाळगतात. रक्त येईपर्यंत पळण्यात शौर्य आहे, असं त्यांना कुणीतरी शिकवलं आहे. ते खोटं आहे. वर्दीतल्या बाईला तासन् तास पायांवर उभं राहायचं असतं. आपले पाय सांभाळणं तिने भरतीच्या आधीच शिकलेलं बरं.

उद्या सकाळी पट्टी बदलताना दोन्ही पायांचे फोटो पाठव. ताप आला किंवा लाली वाढली तर माझ्या ड्युटीची वेळ न बघता फोन कर.

तुझी,
मावशी