बाळकुमहून काशीस

ठाण्याहून भिवंडीकडे जाणाऱ्या जुन्या आग्रा रस्त्यावर कापूरबावडीचा चौक मागे टाकला की थोड्याच वेळात बाळकुम नाका येतो. पुढे कशेळीचा पूल, व पुलाखाली उल्हासचे खारे पाणी. पश्चिमेस येऊरच्या डोंगरांची निळसर रेघ दिसते. मूळचे गाव आगरी व कोळी लोकांचे. त्यांची बैठी घरे व देवळे पाड्यापाड्यांतून अजून आहेत. शेजारच्या कोळशेत रस्त्यावरील रासायनिक कारखान्यांच्या जागी मात्र आता उंच उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झाले. तिच्या खांबांची रांग नाक्यावरून जाते. एकंदरीत हे गाव पूर्वी वाटेवरचे होते व आजही वाटेवरचेच आहे.

या नव्या इमारतींत नौपाडा, दादर, गिरगाव येथून आलेली आपल्यांतली पुष्कळ कुटुंबे नांदत आहेत. एकाच मजल्यावरील दोन जागा घेऊन आजोबांपासून नातवांपर्यंत सर्वांनी एकत्र राहण्याचा प्रघातही दिसतो. सायंकाळी खाडीचा वारा सुटला की वडीलधारी मंडळी बाकांवर येऊन बसतात. पूर्वी अशा बैठकीत यात्रेच्या गोष्टी निघत, त्या आजही निघतात. परंतु कोणत्या क्षेत्री काय दान केले याऐवजी कोणत्या कार्डावर किती पॉइंट जमले, कोणाचा मुलगा त्या पॉइंटांवर विमानाने 'फुकट' जाऊन आला, अशी चर्चा ऐकू येते. या 'फुकट' शब्दाचा अर्थ नीट पाहावा, एवढ्याकरिताच आम्ही हा लेख लिहीत आहो.

हा प्रकार मूळचा अमेरिकेतला. १९५० साली तेथे डायनर्स क्लबचे कार्ड निघाले, आणि १९८१ साली अमेरिकन एअरलाइन्सने उतारूंच्या नावे मैलांची खतावणी मांडण्यास आरंभ केला. आपल्याकडे १९८० साली मुंबईच्या सेंट्रल बँकेने क्रेडिट कार्ड काढले. पुढे बँका व विमान कंपन्या यांचे संधान जुळले, आणि किराणा घेतला तरी प्रवासाचे पुण्य पदरी पडू लागले.

हे पुण्य येते कोठून? दुकानदाराकडे आपण कार्ड वापरले की शंभर रुपयांमागे सुमारे दीड-दोन रुपये त्यास बँकेला द्यावे लागतात. त्यातीलच काही भाग पॉइंटांच्या रूपाने आपल्याकडे परत येतो. दुकानदार ते दीड-दोन रुपये आपल्या भावात धरतो, आणि तो भाव रोख देणाऱ्या गिऱ्हाइकासही पडतो. म्हणजे नाक्यावरच्या दुकानातून रोजच्यापुरते तांदूळ रोखीने नेणारी मोलकरीणही आमच्या विमानाच्या तिकिटास थोडा हातभार लावीत असते. याउपर बँकेस मोठी प्राप्ती होते ती ज्यांचे बिल थकते त्यांच्या व्याजातून. म्हणून पॉइंट घेणाऱ्याने आपण कोणाच्या पानात जेवतो आहो, हे एकदा लक्षात घ्यावे.

आता आकडे पाहू. समजा, एका एकत्र कुटुंबाचा किराणा, वीज, औषधे व शाळा मिळून महिन्याचा कार्डावरील खर्च ६०,००० रुपये आहे. शेकडा एक रुपया परत मिळाला तर महिन्याचे ६०० व वर्षाचे ७,२०० रुपये होतात. कार्डाची वार्षिक फी १,००० रुपये व तीवरील शेकडा १८ कर धरून १,१८० वजा केले की हाती ६,०२० उरतात. तेवढ्यात कल्याणहून काशीपर्यंतची दोन माणसांची तिसऱ्या वर्गाची वातानुकूल तिकिटे एका बाजूची निघतात व वर काही शिल्लक राहते. ही प्राप्ती लहान खरी, तरी टाकाऊ नव्हे.

परंतु हेच बिल एक महिना थकले तर? कार्डाचा व्याजदर साधारणपणे दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो. ६०,००० वर २,१०० रुपये व्याज आणि त्यावर ३७८ रुपये कर, मिळून २,४७८ झाले. चार महिन्यांचे पॉइंट एका महिन्यात बुडाले! त्यातही, बाकी राहिली की व्याज खरेदीच्या तारखेपासून चालू होते, आणि नव्या खरेदीस मिळणारी चाळीस-पन्नास दिवसांची बिनव्याजी सवलतही जाते. बिलावर 'किमान देय रक्कम' म्हणून जो लहान आकडा छापलेला असतो, तो भरल्याने बिल फिटत नाही; फक्त दंड टळतो. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली सालीना ३० टक्क्यांवरील व्याज अनुचित ठरविले होते. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. तेव्हा या बाबतीत गृहस्थाचे संरक्षण गृहस्थानेच करावयाचे आहे.

एकत्र कुटुंबास या व्यवहारात एक विशेष सोय आहे. चार भावांनी चार बँकांची चार कार्डे घेतली तर चारही ठिकाणी पॉइंटांचे तुकडे पडून राहतात. त्याऐवजी एकाच्या नावे मूळ कार्ड व इतरांस पुरवणी कार्डे घेतली, तर सर्वांचा खर्च व सर्वांचे पॉइंट एकाच खात्यात जमतात. मात्र सर्व बिलाची जबाबदारी मूळ कार्डधारकावर येते. म्हणून प्रत्येकाच्या खर्चाची मर्यादा आधीच बांधून घ्यावी. बाळकुमातील एका घरी आम्ही पाहिले की, स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर दुधाच्या हिशेबाशेजारीच बिलाची तारीख लाल शाईने लिहिलेली होती आणि ती पाहण्याचे काम सुनेकडे होते. बँकेतून बिलाची संपूर्ण रक्कम आपोआप वळती होण्याची व्यवस्था केली असूनही ती माउली तारीख पाहतेच. अशा घरास पॉइंट लाभतात.

दुसरी गोष्ट म्हणजे, पॉइंट ही नाशवंत वस्तू आहे. बहुतेक ठिकाणी ते दोन-तीन वर्षांत बाद होतात. घरभाडे, इंधन, सरकारी देणी यांवर पॉइंट मिळत नाहीत, किंवा थोडे मिळतात. विमानतळावरील विश्रामकक्षाची मोफत सोयही अनेक कार्डांवर तिमाहीच्या ठराविक खर्चाशी बांधलेली असते. नियम बँकेच्या हातचे, व ते बदलतात. कंपन्यांचा तरी काय भरवसा? किंगफिशरची विमाने ऑक्टोबर २०१२ मध्ये बंद पडली, व जेट एअरवेजची १७ एप्रिल २०१९ रोजी. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली. तिच्या उतारूंचे पॉइंट एअर इंडियाकडे वर्ग झाले हे त्यांचे भाग्य. यास्तव पॉइंट साठवून श्रीमंत होण्याचा विचार सोडावा. वर्षास एकदा खर्चून मोकळे व्हावे. विमानाचे मैल नको असतील त्यांच्यासाठी रेल्वेच्या तिकीटसंस्थेने स्टेट बँकेच्या कार्डसंस्थेशी मिळून काढलेले कार्ड आहे. त्याचे पॉइंट तिकिटांत वळविता येतात. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत २० मार्च २०२० पासून बंद झाल्यावर वृद्धांच्या प्रवासास अशी जोड घरातूनच द्यावी लागली.

येथे एक जुना प्रवासी आठवतो. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेस निघाले. घरावर कर्ज होते, आणि मथुरेस बायजाबाई शिंदे यांचा यज्ञ होणार, तेथे दक्षिणा मिळेल व कर्ज फिटेल, ही आशा होती. ते बंडाच्या वणव्यात सापडले, झांशीत अडकले, मिळविलेले द्रव्य लुटले गेले. तरीही गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेऊन ते घरी परतले. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ साली चिंतामणराव वैद्य यांनी प्रसिद्ध केला. गोडसे भटजी कर्ज फेडण्याकरिता प्रवासास निघाले. आमच्यातील कित्येक तरुण प्रवासाकरिता कर्ज काढतात आणि ते हप्त्यांनी फेडताना पॉइंट मिळाले म्हणून समाधान मानतात. परदेशाच्या सहलीत तर कार्ड वापरल्यास चलनबदलाचे शेकडा दोन ते साडेतीन व त्यावरील कर अनेक बँका निराळे घेतात. एक टक्का मिळविताना तीन गेले, याकडे उत्साहाच्या भरात लक्ष जात नाही.

शिवाय काही बक्षिसांस बँकेचे कार्ड लागतच नाही. आपल्या एस. टी.ने ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील वृद्धांस विनामूल्य प्रवास दिला, व १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांस अर्धे तिकीट केले. चार किंवा सात दिवसांच्या पासावर हवे तेथे हिंडण्याची तिची 'आवडेल तेथे प्रवास' ही योजनाही जुनी आहे. बाळकुमच्या आजीबाईंस नाशिक-त्र्यंबकेश्वर करावयाचे असेल, तर त्यांनी पॉइंटांची वाट पाहत न बसता सरळ ठाण्याचे बसस्थानक गाठावे.

कार्ड नको झाले तर ते बंद करण्याचीही वाट मोकळी आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार, बाकी नसल्यास मागणी आल्यापासून सात कामाच्या दिवसांत बँकेने कार्ड बंद केले पाहिजे; न केल्यास पुढील प्रत्येक दिवसास ५०० रुपये ग्राहकास द्यावे लागतात. न मागता कार्ड गळ्यात घालण्यासही त्याच निर्देशांत मनाई आहे. तेव्हा मॉलच्या दाराशी उभा राहणारा तरुण कितीही गोड बोलला, तरी नको म्हणण्यास संकोच कशाचा?

सारांश, जो खर्च कार्ड नसते तरी झालाच असता तेवढाच कार्डावर करावा, बिल मुदतीपूर्वी पुरते भरावे, आणि जमलेले पॉइंट त्याच वर्षी वापरावे. ते कोणाकरिता वापरावे हे मात्र बँक सांगत नाही. ते घराने ठरवावयाचे असते. आमची सूचना अशी की, कमावत्या मुलाने दरवर्षी विमानतळाच्या विश्रामकक्षात चहा पिण्याऐवजी, ज्या आजी-आजोबांनी आयुष्यभर त्याच्या शिक्षणापायी आपली काशी लांबणीवर टाकली त्यांच्या तिकिटास पहिला मान द्यावा. घरातील किराण्याच्या पुड्यांतून जमलेली ही पुंजी साऱ्या घराची आहे. तिने त्या दोघांस गंगेचे दर्शन घडले आणि परत आल्यावर कोणाचे देणे उरले नाही, तर तो प्रवास 'फुकट' झाला असे म्हणण्यास आमची हरकत नाही.