दोन जादा पाटे

यंदाच्या मे महिन्यात आमच्या अंगणात चार दिवस एक गाडी मागची चाकं काढून लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. जाणारा-येणारा विचारायचा, "सर, भंगारात घालायची काय?" मी म्हणायचो, "नाही, कंबर धरलीय तिची. उपचार चाललेत." लोक हसायचे. खरं कारण मी कुणाला सांगितलं नाही. आज इथे लिहितो आहे, कारण लिहिल्याशिवाय ते डोक्यातून जाईल असं वाटत नाही.

गाडी पुतण्यानं घरीच बांधलेली. मूळची महिंद्राची जुनी जीप. महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली, त्या घराण्यातली ही पणती म्हणायची. चेसी, इंजिन आणि चारही चाकांना जोर देणारी यंत्रणा तेवढी जुनी ठेवली. मागची बाकं जाऊन तिथं लोखंडी हौदा आला. गाडीचं रूप असं बदलायला मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आडवं येतं, म्हणून ती डांबरीवर जात नाही. पठारावरच्या रानातून वस्तीवर आणि वस्तीवरून डांबरीच्या तोंडापर्यंत, साडेतीन किलोमीटर, एवढंच तिचं राज्य. पण शाहूवाडी तालुक्याचा हा पश्चिमेकडचा भाग, आंबा-गजापूरची बाजू, ज्यांनी पावसाळ्यात पाहिली आहे त्यांना हे साडेतीन किलोमीटर म्हणजे काय ते कळेल. जांभ्याचा सडा, तांबडी घसरट माती, आणि मधेच गुडघाभर उंचीच्या दगडी पायऱ्या. माझ्या लहानपणी इथं बैलगाडीसुद्धा पावसाळ्यात सोडून ठेवायचे.

निवृत्तीनंतर मी इथंच, थोरल्या भावाजवळ, जुन्या घरात राहायला आलो. पुतण्या त्यांचाच मुलगा.

तर तीनेक वर्षांपूर्वी गाडीचे मागचे पाटे बसले. पाटे म्हणजे चाकांच्या वरच्या त्या लोखंडी पट्ट्यांच्या कमानी. बांबू, शेणखत, जळण वाहून वाहून कमान सपाट झाली होती. पुतण्यानं मलकापूरहून मिस्त्रींना आणलं. हा मिस्त्री माझा विद्यार्थी. आठवीतून शाळा सोडलेला. त्यानं गाडीखाली डोकं घालून पाहिलं आणि म्हणाला, "आहे त्यास्नीच कमान मारून घेऊ, बुश बदलू. जाड पाटं घालायला नको." पुतण्या माझ्याकडे बघायला लागला. मी एकतीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला, बी.ए.सुद्धा मराठी घेऊनच. पण मत द्यायची सवय कुठे जाते? मी म्हणालो, "अरे, वजन जास्त तर पाटे जास्त. साधं त्रैराशिक आहे. घाल दोन जाड पाटे, पैसे मी देतो." मिस्त्री क्षणभर थांबला आणि म्हणाला, "सर म्हणत्यात तर घालूया." चाळिशी ओलांडलेला तो माणूस माझ्यासमोर अजून आठवीच्या बाकावर उभा होता. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट बरंच वाटलं.

गाडी उंच झाली, ताठ झाली. दहा-बारा क्विंटल माल बसला तरी हलेना. मी मनातल्या मनात पाठ थोपटून घेतली.

गेल्या वर्षी जुलैत दादा गोठ्यात पाय घसरून पडले. वय एक्याऐंशी. खुब्याचं हाड मोडलं होतं, हे त्यांच्या वाकड्या पडलेल्या पायावरून आम्हालाही कळलं. १०८ ला फोन केला. रुग्णवाहिका डांबरीच्या तोंडाशी येऊन थांबली, वर येणं तिला शक्यच नव्हतं. हौद्यात दोन गाद्या टाकल्या, वर ताडपत्री, आणि दादांचं डोकं मांडीवर घेऊन मी बसलो. बारा क्विंटलांसाठी ताठ केलेल्या त्या पाट्यांवर त्या रात्री वजन होतं दोन म्हाताऱ्यांचं. पाटे वाकलेच नाहीत. प्रत्येक दगड जसाच्या तसा हौद्यात यायचा. पुतण्या पहिल्या गिअरमध्ये, मुंगीच्या पावलानं चालवत होता. त्यानं काही फरक पडेना. पन्नास मिनिटं लागली. दादा ओरडणारे नव्हेत. त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं. वाटेतल्या आंब्याच्या झाडाखालच्या पायरीवर गाडी आदळली तेव्हा एकदाच म्हणाले, "मला खाली उतरव. मी चालत येतो."

कोल्हापूरला शस्त्रक्रिया झाली, चार महिने गेले, आता काठी घेऊन चालतात. त्या रात्रीबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. मीही नाही. पुतण्या तर नाहीच. पण एप्रिलमध्ये एका सकाळी तो म्हणाला, "काका, पावसाच्या आधी पाटं बदलून घेतो." मी फक्त मान हलवली.

मिस्त्री आला. या वेळी मी खुर्ची लांब टाकली, पण कान तिकडेच.

पुतण्याच्या डोक्यात एक वेगळंच खूळ होतं. जुन्या जीपला पाटे अॅक्सलच्या खालून जातात. ते वरून घेतले तर गाडी चांगलीच उंच होते, असं त्यानं मोबाईलवर पाहिलं होतं. मिस्त्री म्हणाला, "व्हय, हुतीय. मग शाफ्टचा कोन बिघडतोय, ब्रेकचा पाईप तोकडा पडतोय. दगडावर अडकली तर ढकलून सुटंल. उताराला कलंडली तर कोण सोडवणार?" तो विषय तिथंच संपला.

मग प्रश्न आला, ताकद तर हवी आणि मऊपणाही हवा, हे कसं जमायचं? डिप्लोमाला असलेल्या नातीनं माझ्या वहीत गणित मांडून दाखवलं. पाट्याचा ताठपणा जाडीच्या पटीत नव्हे, जाडीच्या घनाच्या पटीत वाढतो. सहाचा घन २१६, आठचा ५१२. म्हणजे सहा मिलीमीटरच्या जागी आठ मिलीमीटरचा पाटा घातला की तो सव्वादोन पटींहून जास्त ताठ. शिवाय तेवढाच वाकवला तर जाड पाट्याच्या पृष्ठावर ताण जास्त पडतो, म्हणून तडाही तोच आधी घेतो. उलट पाट्याची लांबी दहा टक्के वाढवली, तर ताठपणा पाऊणपटीवर येतो. मी जिथं त्रैराशिक केलं होतं तिथं घन करायला हवा होता. नातीनं हे मला तिच्या नेहमीच्या, जरा अधीर सुरात समजावलं. बरोबर माझाच सूर!

दादा सोप्यात बाजेवर बसून कोंबड्यांचं डालगं विणत होते. मान वर न करता म्हणाले, "जाड कांबीचं डालगं कुणी विणलंय का?" एवढंच.

मिस्त्रीनं कोल्हापुरातून एका पिकअपचे लांब, पातळ पाट्यांचे दोन जोड आणले. लांब असल्यानं मागची शॅकल चेसीवर चार बोटं मागे सरकवावी लागली. त्यांच्यावर एकेक हेल्पर. हा पाटा एरवी नुसता अधांतरी असतो. हौदा भरला, गाडी दबली, की मग टेकतो आणि वाटा उचलतो. ट्रकना हे असतंच, आपण कधी वाकून बघत नाही. कमानीची ही कल्पना मोटारीपेक्षा कितीतरी जुनी. इंग्लंडात ओबाडाया इलियट नावाच्या माणसानं घोडागाडीच्या लंबगोल कमानीचं पेटंट १८०४ साली घेतलं. आमच्या कोल्हापूरच्या टांग्यांनाही कमानी असायच्या. असो.

काम पाहण्यासारखं होतं. गाडी जॅकवर घेऊन तशीच ठेवायची नाही, चेसीखाली ठोकळे बसेपर्यंत कुणी खाली शिरायचं नाही, हा पहिला नियम. पुतण्या घाई करायला लागला तेव्हा मिस्त्री त्याच्यावर असा डाफरला की मला माझा वर्ग आठवला. गंजलेले यू बोल्ट निघेनात, ते सरळ कापले. जुने पुन्हा वापरायचे नसतातच. पाट्यांना वेल्डिंगची ठिणगीही लागू द्यायची नाही, कारण तापलं की पोलादाचं पाणी उतरतं आणि नेमकं तिथंच मोडतं. पाट्यांच्या मध्ये ग्राफाइटचं ग्रीस. मधला सेंटर बोल्ट पाटे एकत्र धरतो. त्याचं डोकं अॅक्सलवरच्या भोकात बरोबर बसलं पाहिजे, नाहीतर गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. आणि बुशांचे बोल्ट शेवटी, गाडी चाकांवर उभी केल्यावरच आवळायचे. लोंबकळत असताना आवळले तर वजन आल्यावर आतलं रबर कायमचं पिळलेलं राहतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मिस्त्री एकटाच गाडीखाली होता. मी जवळ जाऊन बसलो. म्हणालो, "तू तेव्हाच सांगितलं होतंस. मी ऐकायला हवं होतं." खालून काही उत्तर आलं नाही. मग एक काळा हात बाहेर आला. "सर, तेवढा अठरा-एकोणीसचा पाना द्या." मी दिला. दिवस मावळेपर्यंत मी पाने देत राहिलो. सतरा-अठराचा मागितला की सोळा-सतराचा जायचा, पण तो काही बोलला नाही.

चौथ्या दिवशी पुतण्यानं रिकामी गाडी एकदा खालपर्यंत नेऊन आणली. मग दादा काठी टेकत आले आणि म्हणाले, "मला बसव." वहिनी नको नको म्हणत होत्या. त्यांना पुढं बसवलं. मी मुद्दाम हौद्यात, त्याच जागी बसलो. गाडी पायऱ्या उतरताना आता कुरकुरायची, दबायची, आणि मग सावकाश वर यायची. आंब्याच्या झाडाजवळ दादांनी थांबायला सांगितलं. मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

"इथंच म्हटलो होतो ना, चालत येतो म्हणून?"

"हो," मी म्हणालो. "दादा, ते जाड पाटे मीच घालायला लावले होते."

"मला माहीत आहे. पैसे तूच दिलेस म्हणून पोरगं तेव्हाच सांगत होतं." मग थोडा वेळ झाडाकडे बघत राहिले. "ते भंगारात देऊ नका. लोहाराकडनं कोयते करून आणा. पोलाद चांगलं आहे."

माल भरून चार-पाच फेऱ्या झाल्यावर यू बोल्ट पुन्हा आवळायचे, असं मिस्त्री बजावून गेला होता. परवा आवळले. प्रत्येक नट पाव-पाव आटा बसला. पाटे लोहाराकडे दिलेत. एक कोयता झालाय, मूठ बसायची आहे. दुसऱ्याला पाऊस लागायच्या आत वेळ होईल असं तो म्हणतो.