पायऱ्यांचा डोंगर, तटाचा डोंगर

गंगाखेडहून अहमदपूरच्या रस्त्याला लागलं की गोदाकाठची काळी जमीन मागे पडते आणि मुरूम वर यायला लागतो. बालाघाटाच्या या टोकाला डोंगर फारसे उंच नाहीत. उघडे माळ, उतारावर सीताफळी, मधल्या पट्ट्यात तूर-सोयाबीन. राणीसावरगाव याच डोंगरांत वसलंय. गावाची ओळख रेणुकामातेची, नवरात्रात इथे यात्रा भरते. पण गावात रेणुका असली तरी माहूरला जाणं कुणाला चुकत नाही. आणि माहूरचं नाव निघालं की पहिली चौकशी असते ती चढाची. "रेणुकेच्या पायऱ्या जड का किल्ला जड?" यावर पारावर दोन तट पडतात. आपण स्वतः चढून बघावं म्हणून आत्याबाईंबरोबर मीही निघालो.

नांदेड गाठायचं, तिथून अर्धापूर, हदगाव. पुढे पैनगंगा ओलांडली की मराठवाडा संपतो आणि उमरखेड-महागावकडून विदर्भातला रस्ता सुरू होतो. धनोड्याला वळून तीच नदी पुन्हा ओलांडायची की आपण परत मराठवाड्यात. निजामी राज्यात आणि वऱ्हाडात हीच नदी कित्येक वर्षं सीमा होती. नकाशावर माहूर बघितलं तर नदीनं त्याला कुशीत घेतल्यासारखं दिसतं. धनोड्याच्या पुलानंतर सागाचं रान लागतं. बालाघाटाच्या उघड्या माळावरून आलेल्याला ही सावली फार मोलाची वाटते.

रेणुकेचा डोंगर तसा बराचसा गाडीच चढते. गाडी थांबते तिथून वर साधारण अडीचशे पायऱ्या. आकडा ऐकून माणूस घाबरतो ते उगाच नाही, कारण पायरी ही सपाट वाटेसारखी दया करत नाही. प्रत्येक पावलाला गुडघा तितकाच उचलावा लागतो, आणि उतरताना सगळा भार त्याच गुडघ्यावर येतो. पण दोन्ही बाजूंना दुकानं आहेत, टेकायला जागा आहे, पाणी आहे. आत्याबाई तर सगळ्यांशी बोलत, थांबत चढल्या. "बसता येतंय की, मग कसला चढ?" हा त्यांचा निकाल.

त्या बसल्या ते तांबुलाच्या दुकानासमोर. विड्याची पानं, कात, चुना, सुपारी, बडीशेप, लवंग, सगळं एकत्र कुटून तांबुल होतो. इथल्या देवीचा हाच प्रसाद. दुकानातल्या बाई हात न थांबवता कुटत होत्या. पानांचा हिरवा रंग हळूहळू तांबूस होत गेला, कडेला चिकटलेलं त्या बोटानं खाली ओढत आणि पुन्हा मुसळी. वास आधी पानाचा येतो, मग लवंगेचा. वर गाभाऱ्यात देवीचं फक्त मुख आहे, शेंदूर माखलेलं, भलं मोठं. परशुरामाला आई दिसली ती इथेच, आणि तीही मुखापुरतीच, अशी श्रद्धा. साडेतीन शक्तिपीठांतलं हे एक पीठ. त्यामुळे इथे चढणारा माणूस पायऱ्या मोजत नाही, उदो म्हणतो. दमलेल्या माणसाला मागचा-पुढचा आवाज वर ओढून नेतो, हा माझा अनुभव.

रामगडावर तसा आवाज नाही. माहूरच्या किल्ल्याला रामगड म्हणतात. चढ म्हणून तो रेणुकेपेक्षा अवघड नाही. दम कमी लागतो, पण डोकं जास्त लागतं. तट लांबच लांब पसरलेला, कुठे शाबूत, कुठे ढासळलेला, आत घाणेरीची झुडपं. वाट मध्येच गवतात शिरते. विचारायला माणूस नाही, पाण्याचं दुकान नाही. सैल दगडावर पाय पडला तर पायरीसारखा तो तुम्हाला धरून ठेवत नाही. आत्याबाईंनी दरवाज्याच्या सावलीतच बैठक मारली आणि मला म्हणाल्या, "तू जा बाबा, मला इथं देव दिसना."

देव नाही, पण माणसं फार होऊन गेलीत. मोगली अमलात माहूर हा वऱ्हाड सुभ्याचा सरकार, म्हणजे जिल्ह्यासारखा विभाग. बापाविरुद्ध बंड करून दक्षिणेत आलेला खुर्रम, पुढचा शाहजहान, १६२३ साली गोवळकोंड्याकडे निसटला तेव्हा हत्ती आणि जड सामान त्यानं माहूरच्या किल्ल्यात तिथल्या सरदार उदारामाकडे ठेवलं होतं. पळणाऱ्या शहजाद्यानंही जड ते इथे उतरवलं, हे मला गंमतीचं वाटलं.

त्याच उदारामाच्या घराण्यातली सावित्रीबाई, औरंगजेबानं जिला रायबागन हा किताब दिला. फेब्रुवारी १६६१ मध्ये उंबरखिंडीत मोगल सरदार कारतलबखानाची फौज शिवाजी महाराजांच्या कचाट्यात सापडली, तेव्हा ती त्या फौजेत होती. पाणी नाही, वाट अरुंद, दोन्ही बाजूंनी कडे. शरण जाण्याचा सल्ला तिनं दिला, असं परमानंदाच्या 'शिवभारता'त आलं आहे. चढाचा अंदाज चुकला की काय होतं, हे खानापेक्षा माहूरच्या डोंगरांत वावरलेल्या बाईला आधी कळलं असणार. तटावर उभं राहून खालचं रान बघताना मला तरी हा तर्क पटला.

तेव्हा राणीसावरगावच्या पारावर माझा निकाल असा. गुडघे दुखत असतील तर रेणुकेच्या पायऱ्या जड, किल्ला सोपा. गुडघे ठीक असतील आणि सोबतीला कुणी नसेल तर किल्ला जड. किल्ला सकाळी उन्हाआधी करावा, पाणी स्वतःचं न्यावं, लहान लेकरांना तटाच्या कडेला सोडू नये. रेणुका दुपारनंतरही चालते. माहूरच्याच दत्तशिखराला गाडीरस्ता आहे, त्याला मी चढात धरत नाही, चढणाऱ्यांनी रागावू नये. आत्याबाईंना हे काही मान्य नाही. त्यांच्या मते खरा चढ राखीपौर्णिमेच्या परिक्रमेचा, रात्री रानातून, पावसात, चिखलात, सगळे डोंगर एका दमात. तो केल्याशिवाय माहूरवर कुणी बोलू नये, असं त्यांनी परतीच्या बसमध्ये मला हदगाव येईपर्यंत ऐकवलं.