गाडी वाढली, हौदा आटला

आधी हे आकडे ऐका. फोर्डची एफ-१५०, चार दारांची, अमेरिकेत गल्लोगल्ली दिसणारी पिकअप. लांबी जवळजवळ ५.९ मीटर. आणि हौदा? साडेपाच फूट! आता आपली टाटा एस, म्हणजे छोटा हत्ती. अख्खी गाडी ३.८ मीटर आणि हौदा सात फूट! तासगावातून बेदाण्याचे बॉक्स घेऊन सांगलीला येणारी ती चिमुकली गाडी या अमेरिकन धुडापेक्षा दीड फूट लांब हौदा मिरवते. हे कळल्यापासून मला दुसरं काही सुचत नाहीये. समोर दिसेल त्याला सांगत सुटले आहे, आता तुमची पाळी.

सांगलीतल्या बँकेत माझी बरीच वर्षं वाहनकर्जाच्या टेबलावर गेली. टेम्पो घ्यायला आलेला माणूस आधी हौदा किती फुटांचा ते विचारतो, मग पासिंग किती, मग हप्ता. रंगरूप, डॅशबोर्ड वगैरे त्याच्या गावीही नसतं. त्यामुळे मिशिगनला भाच्याकडे आल्यावर शेजारच्यांच्या दारातली ती काळीशार पिकअप पाहून माझा पहिला प्रश्न ठरलेलाच होता, "काय वाहतो रे हा माणूस?"

"काही नाही आत्या. मुलांना शाळेत सोडतो."

मला तो विनोद वाटला. पण शेजाऱ्याने हौसेने आत बसवलं तेव्हा पटलं. खांबाचं हँडल धरून, पायरीवर पाय देऊन वर चढावं लागलं. आत कातडी सीटा, मागे तीन माणसं ऐसपैस बसतील एवढी जागा, समोर भलामोठा स्क्रीन. हौद्यात डोकावले तर एक ओरखडा नाही! टेम्पोचा हौदा दोन महिन्यांत पोचे पडलेला नसला तर धंदा मंदा आहे असं समजणारी मी. हे काय गौडबंगाल आहे, हे शोधून काढल्याशिवाय आता चैन पडणं शक्य नव्हतं.

नशीब एवढं थोर की ऑगस्ट चालू होता. डेट्रॉइटच्या उत्तरेला वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यू नावाचा रुंद रस्ता आहे. १९९५ साली फर्नडेल या छोट्या गावाने सॉकरच्या मैदानासाठी पैसे उभे करायला तिथे जुन्या गाड्यांची फेरी काढली. तीच आता वुडवर्ड ड्रीम क्रूझ. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी फर्नडेलपासून पाँटिअ‍ॅकपर्यंत जुन्या गाड्यांची रांग लागते आणि लोक फुटपाथवर खुर्च्या टाकून बघत बसतात. भाचा मस्टँग शोधत होता. मी पर्समधला टेप काढून पिकअपच्या मागे!

सगळ्यात म्हातारी भेटली ती १९२५ ची मॉडेल टी. त्याआधी शेतकरी साधी मोटार घ्यायचे, मागचा भाग काढून टाकायचे आणि सुताराकडून लाकडी खोकं बसवून घ्यायचे. फोर्डने म्हटलं, हे आपणच कारखान्यातून देऊ. किंमत २८१ डॉलर, इंजिन २० अश्वशक्तीचं, रंग फक्त काळा. पोलादी हौदा, मागे फाळका. मालकाने मान डोलावली तशी मी टेप लावला. चार फूट आठ इंच. आजच्या त्या धुडाचा साडेपाच फूट, म्हणजे शंभर वर्षांत हौदा वाढला दहा इंच! आणि पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर? तेव्हा आठ फूट चार इंच, आज बारा फुटांच्या वर. मधली जागा गेली कुठे? केबिनमध्ये!

बरं, ही वाढ सरळ झालेली नाही. मधल्या काळात हौदाही चांगला पसरला. साडेसहा फूट झाला, मग आठ फूट. आठ फूटच का, तर प्लायवूडचं अख्खं पान चार बाय आठचं असतं आणि ते फाळका लावून आडवं मावलं पाहिजे. हा हिशेब ऐकून मला माझं टेबल आठवलं. गिऱ्हाईक असंच बोलतं.

पण रूप! रूपाबद्दल कोणी सांगितलंच नव्हतं मला. १९४७ ची शेवरोले आली आणि मी खुर्चीवरून उठलेच. चाकांवरची मडगार्डं पुरीसारखी टम्म फुगलेली, जाळीच्या आडव्या पट्ट्या, चेहरा असा सालस की गालाला हात लावावासा वाटावा. पुढच्याच वर्षीची फोर्डची एफ-१, तीही तशीच गोलमटोल. युद्ध संपलं होतं, लोकांना नव्या वस्तू हव्या होत्या. केबिनमध्ये एकच सलग बाकडं, तीन माणसं खांद्याला खांदा लावून बसणार, आणि हौद्याच्या कडा इतक्या खाली की माझ्यासारख्या पाच फुटी बाईचा हात सहज तळाला लागावा. गाडी कामाची होती म्हणून ती माणसाच्या मापाची होती.

आणि मग ती आली. १९५५ ची शेवरोले कॅमिओ कॅरिअर. तोपर्यंत हौदा अरुंद असायचा आणि मागची मडगार्डं बाहेर लोंबायची. इथे हौद्याला बाहेरून फायबरग्लासचे पत्रे लावून केबिनपासून शेपटापर्यंत एकच गुळगुळीत रेघ ओढलेली. हस्तिदंती अंग, खिडक्यांच्या मागे लाल पट्टा. मालक आजोबांना रंगाचं नाव विचारलं तर म्हणाले, "बॉम्बे आयव्हरी!" शपथ सांगते, हसावं की टाळ्या वाजवाव्या कळेना. डेट्रॉइटच्या सगळ्यात देखण्या ट्रकवर आपल्या मुंबईचं नाव! महाग होती, फार खपली नाही. पण दोन-तीन वर्षांत फोर्ड आणि शेवरोले दोघांनीही सरळ बाजूंचे पोलादी हौदे काढले आणि तीच रीत पडली. डॉज कंपनीने तर १९५७ मध्ये आपल्या स्टेशन वॅगनची माशाच्या परांसारखी शेपटं काढून पिकअपला जोडली. नटण्यामुरडण्याची हद्द! पण हे नटणं आकार न वाढवता होतं, हे लक्षात घ्या.

आकाराची गोष्ट सुरू होते ती, विश्वास ठेवा, कोंबडीपासून. साठच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेची स्वस्त कोंबडी पश्चिम जर्मनी-फ्रान्सच्या बाजारात ओतली जात होती. युरोपने तिच्यावर जकात लावली. उलट टोला म्हणून १९६३ च्या डिसेंबरात अध्यक्ष जॉन्सन यांनी बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांच्यावर २५ टक्के कर लावला. रोख फोक्सवॅगनवर होता. बाकीचे कर पुढे उतरले, ट्रकवरचा राहिला! लोक त्याला आजही कोंबडी-कर म्हणतात. हा कर चुकवायला काय काय युक्त्या! जपानहून केबिन आणि सांगाडा वेगळा आणायचा आणि हौदा इथे येऊन जोडायचा. सुबारूने तर ब्रॅट नावाच्या गाडीच्या हौद्यात उलट्या तोंडाच्या दोन प्लास्टिकच्या खुर्च्या बसवल्या आणि सांगितलं, हा ट्रक नाही, प्रवासी गाडी आहे! रोनाल्ड रेगन यांच्या कॅलिफोर्नियातल्या शेतावर ही ब्रॅट होती. पुढे देशाचा अध्यक्ष होणारा माणूस कर चुकवणारी गाडी चालवत होता, हे वाचून मी एकटीच खो-खो हसले.

पण या कराने एक पक्कं केलं. बाहेरून छोटे, स्वस्त ट्रक येणं अवघड झालं आणि मैदान देशी कंपन्यांच्या मोठ्या गाड्यांना मोकळं मिळालं. त्यात कायद्यांनी भर घातली. १९७५ साली एफ-१५० आली ती मुळात एक पळवाट म्हणून. एकूण वजनक्षमता ६,००० पौंडांच्या वर गेली की धुराचा नियम सैल, शिसं नसलेल्या पेट्रोलची सक्ती नाही. म्हणून गाडी थोडी जड केली! १९७७ पासून फोर्डची ही मालिका अमेरिकेतली सर्वांत खपाची पिकअप आहे. पुढे २०११ च्या सुमारास मायलेजचे नियम चार चाकांमधल्या चौकोनाच्या आकाराला बांधले गेले. चौकोन जितका मोठा तितकं मायलेजचं लक्ष्य सोपं. छोटी गाडी काढणाऱ्याने मग काय पाप केलं होतं?

चेहरा रागीट झाला त्याची तारीखही सापडली. १९९४ ची डॉज रॅम. तोवर डॉजची पिकअप दोन दशकं जवळपास तशीच होती, खप केविलवाणा. नव्या गाडीत मधलं नाक उंच, दोन्ही बाजूंची मडगार्डं खाली, थेट लांब पल्ल्याच्या मोठ्या ट्रेलरचा थाट. काहींना ती बघवेना, काही वेडे झाले. पण खप दुपटीपेक्षा वर गेला आणि बाकीच्यांनी धडा घेतला. तेव्हापासून जाळी दरवर्षी मोठी आणि बॉनेट दरवर्षी वर. २०१७ ची एफ-२५० घ्या, बॉनेटची कड जमिनीपासून ५५ इंचांवर. मी उभी राहिले तर हनुवटीला लागेल! हा मात्र कौतुकाचा विषय नाही. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये सांगितलं की ४० इंचांपेक्षा उंच बॉनेटच्या गाडीने पादचाऱ्याला धडक दिली तर तो दगावण्याची शक्यता बुटक्या, उतरत्या बॉनेटच्या गाडीपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त. स्टिअरिंगमागे बसणाऱ्याला जे सुरक्षित वाटतं, त्याची किंमत फुटपाथवरचा मोजतो.

हौदाही उंच झाला. इतका की हात पोचत नाही म्हणून फाळक्यातून घडीची पायरी बाहेर येते. आधी गाडी उंच करा, मग चढायला पायरी विका! पहिल्या एफ-१५० मध्ये केबिन आणि हौद्याची वाटणी ३६ आणि ६४ टक्के होती. २०२१ पर्यंत ती थेट उलटली, केबिन ६३ आणि हौदा ३७. २००१ च्या मॉडेलपासून चार पूर्ण दारांची एफ-१५० आली आणि पिकअप रीतसर कुटुंबाची गाडी झाली. शेजाऱ्याच्या मुलांची शाळा तिथून सुरू झाली म्हणायची.

एवढं सगळं असूनही मी प्रेमात पडले आहे, हे कबूल. २०१५ मध्ये फोर्डने अंगाला पोलादाऐवजी अ‍ॅल्युमिनियम वापरून या धुडाचं वजन सुमारे ७०० पौंडांनी उतरवलं, ही काय साधी करामत आहे? आणि आता वारं फिरायला लागलंय. २५ वर्षं जुनी गाडी आणायला सवलत आहे म्हणून अमेरिकन लोक जपानचे ६६० सीसीचे, ३.४ मीटर लांबीचे केई ट्रक मागवतात आणि कौतुकाने चालवतात. म्हणजे शेवटी छोट्या हत्तीच्याच भाऊबंदांकडे आले की! फोर्डनेही मॅव्हरिक नावाची 'छोटी' पिकअप काढली. पाच मीटरच्या वर लांब, तरी छोटी. तिचा हौदा साडेचार फूट. १९२५ च्या मॉडेल टीपेक्षाही दोन इंच कमी.

तेव्हा बँकेच्या टेबलावरचा माझा निकाल असा. दिसायला कॅमिओ, बसायला नवी एफ-१५०, आणि माल वाहायचा असेल तर कर्ज मंजूर फक्त छोट्या हत्तीला. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटच्या आसपास कोणाचं लेकरू राहत असेल तर वुडवर्डला नक्की जा. तिकीट नसतं. फक्त घडीची खुर्ची घरून न्या, आणि सकाळी लवकर पोचा, सावलीतल्या जागा आधी भरतात.